नवा चाप, जुना हात

काकीनं जेवणाच्या टेबलावरचं कापड स्वतःच्या हातानं काढलं, तेव्हाच थोरला समजला की आता आपलं फारसं चालायचं नाही. कापड काढायचं काम सुनेचं. काकी त्याला हात लावायची ते रायफल उघडायची असली तरच.

"नुसती उघडून बघायची आहे," काकी म्हणाली. "बदलायचं काही ठरलेलं नाही. तोंडं पाडून बसू नका."

तोंडं पाडून बसायला कारण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निवडीचा सामना होता. मुलींच्या संघात दोनच जागा होत्या आणि त्यातली एक मुंगीला हवी होती. मुंगी ही थोरल्याची लेक. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती म्हणून मुंगी. आता दारातून येताना मान वाकवते, तरी मुंगीच. दोन वर्षं पोरगी पहाटे उठून मैदानावर पालथी पडत होती. सुरुवातीच्या गोळ्या टार्गेटच्या पोटात बसायच्या, पण शेवटाकडे आली की भोकं वाट चुकल्यासारखी इकडेतिकडे पांगायची. आणि सामना जिंकायचा म्हणजे शेवटाकडे तर यावंच लागतं.

दोष चापाचा आहे, असं धाकटा कधीपासून सांगत होता. रायफल जुनी, बारीक काडतुसाची, फक्त निशाणेबाजीसाठी केलेली. तिची नळी अजून आरशासारखी होती. पण चाप असा, की दाबायला घेतला की आधी थोडा सरकायचा, मग अडायचा, मग खरखरत पुढं जायचा, आणि माणसानं वैतागून जोर लावला की एकदम सुटायचा. पावसाळ्यात फुगलेलं दार ढकलावं तसा. धाकट्यानं मेहनतीनं शोधून नवा चाप आणला होता. तो डबीत, डबी कपाटात, आणि कपाट काकीच्या होकाराची वाट बघत.

काकी म्हणजे या दोघा भावांची सख्खी आई. पण चुलत भावंडं काकी म्हणायची ते पोरांनी उचललं, पोरांचं सुनेनं, सुनेचं नातीनं. आता दारात येणारा पोस्टमनही काकीच म्हणतो. त्यामुळे या घरात काका आहे तो काकीचा मुलगा, आणि नवीन माणसाचा पहिला आठवडा हेच समजून घेण्यात जातो.

"चाप बदलून उद्याच्या उद्या सामना?" थोरला म्हणाला. तो क्लबाचा चिटणीस होता आणि घरातही सभा चालवल्यासारखाच बोलायचा. त्याचं म्हणणं असं की क्लबाकडे कोरी रायफल पडून आहे, आपण एक शब्द टाकला की मुंगीच्या हातात येईल, ही म्हातारी रायफल भिंतीवर शोभते तिथंच शोभू दे.

"क्लबाची रायफल म्हणजे हॉटेलातली उशी," काकी म्हणाली. "कुणाकुणाची डोकी टेकून गेली असतील देव जाणे. पोरीचा गाल तिला ओळखणार कधी?"

"पण काकी, मुंगीचं बरं व्हावं एवढंच यांना..." सून म्हणाली आणि तिथंच थांबली. नवऱ्याची बाजू घेतली तर सासू रागवणार, सासूची घेतली तर नवरा रुसणार. इतक्या वर्षांत तिनं अर्धं वाक्य बोलायची कला चांगली कमावली होती.

तेवढ्यात वन्संनी चष्मा पुसायला घेतला. वन्सं, म्हणजे काकीची नणंद, चष्मा पुसायला लागल्या की सगळ्यांना कळायचं, आता दादा येणार. दादा म्हणजे काकीचे यजमान. काकी त्यांना नुसतं ‘हे’ म्हणायची, आणि ते जाऊन एवढी वर्षं झाली तरी ‘हे’ म्हटलं की ते शेजारच्या खोलीत बसले असावेत असंच वाटायचं.

"दादानं स्वतः घासून बसवलेला चाप आहे तो," वन्सं म्हणाल्या. "त्याच्या हातचं तेवढंच राहिलंय. तेही काढून टाका, म्हणजे झालं."

"तुमच्या दादांनी सायकलही स्वतःच्या हातानं जोडली होती. ती भंगारात कुणी दिली, वन्सं?"

"सायकलीला ब्रेक नव्हता, वहिनी."

"हिलाही चाप नाहीच म्हणा की."

वन्संनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. या दोघींचं हे असं लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून चालू होतं. रायफल आणली ‘ह्यां’नी, पण गंमत म्हणून नव्या नवरीच्या हातात दिली आणि नवरीनं पहिल्याच दिवशी नवऱ्यापेक्षा चांगला नेम मारला. ‘हे’ हसले. वन्सं अजून हसलेल्या नव्हत्या. पुढं काकी बायकांच्या संघातून खेळली, कप आणले. चौथीच्या पुढं शाळा न बघितलेली बाई, पण टार्गेट वाचावं तर तिनं. घरात त्याला एक नावच पडलं होतं, ‘आपला हात’. मुलाला आला, नातीला आला, आणि ज्याला आला नाही त्याला जेवताना ऐकून घ्यावं लागायचं.

धाकट्यानं वादात तोंड घातलं नाही. त्यानं खिशातून शर्टाचं एक बटण काढलं. धाकटा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. त्याचे कपडे धुवायला टाकताना खिशातून बटणं, बॉबिन, मोडक्या सुया असा सगळा बाजार निघायचा. त्यानं रायफलीत एक उडालेलं, रिकामं काडतूस घातलं, कारण ही रायफल आत काही नसताना उडवली तर आतली पिन खराब होते. मग नळीच्या टोकाशी ते बटण अलगद आडवं ठेवलं.

"भिंतीवरच्या त्या खिळ्यावर नेम धरा आणि चाप दाबा," तो म्हणाला. "बटण पडता कामा नये. बस एवढंच."

थोरला पुढं झाला. चिटणिसाला नाही म्हणता येईना. खट झालं आणि बटण टेबलावर. त्याच्यामागून मुंगी. श्वास सोडला, मान स्थिर, बोट असं हळू की आजूबाजूच्यांचाही श्वास अडकला. शेवटाला चाप अडला, बोटाचं टोक पांढरं पडलं, खट, आणि बटण पुन्हा टेबलावर.

"सरका," काकी म्हणाली.

तिनं खुर्ची ओढली, कोपर टेकलं, लाकडाला गाल लावला. वयानं हात सुरकुतले होते, पण रायफलीपाशी आले की ते कुणा दुसऱ्याचेच व्हायचे. सून नकळत पुढं वाकली. काकीनं चाप दाबला. बटण नळीवरून घसरलं, टेबलावरून खाली गेलं, फरशीवर गोल गोल फिरलं आणि वन्संच्या पायाशी जाऊन आडवं झालं.

काकीचा नेम चुकला म्हणायचं धाडस या घरात कुणी अजून केलं नव्हतं, आणि हा तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चुकला होता. वन्संनी खाली वाकून बटण उचललं. काहीतरी बोलायला त्यांचं तोंड उघडलंही, पण वहिनीचा चेहरा बघून त्यांनी ते मिटलं आणि बटण मुकाट्यानं टेबलावर ठेवलं.

काकी त्या बटणाकडे बघत राहिली. आपल्या हाताला दोष देणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण तीन पिढ्यांच्या हातून एकच बटण तसंच पडत असेल, तर तिघांच्या मध्ये जी एकच वस्तू आहे, तिच्याकडे बघायला नको का? एवढं कळायला शाळा लागत नाही.

"काढ तो," ती धाकट्याला म्हणाली. "आणि वन्सं, जुना चाप तुम्ही घेऊन जा. तुमच्या दादांचा आहे. उशाशी ठेवा, खिडकीत ठेवा, पण माझ्या नातीच्या बोटाखाली नको."

धाकट्यानं लाकडाच्या पोटातले स्क्रू सोडवले, लोखंड लाकडातून अलगद वर उचललं, जुना चाप काढला, नवा बसवला, आणि एक बारीकसा स्क्रू फिरवत, दाबून बघत, पुन्हा फिरवत बराच वेळ घालवला. मग रायफलीचा दस्ता रबराच्या चटईवर चांगला आपटून बघितला. चाप आपोआप सुटला नाही. तसा तो सुटता तर सगळं तिथंच संपलं असतं. दणक्यानं सुटणारी रायफल घेऊन मैदानावर जायचं नसतं, हे ‘ह्यां’नी पोरांच्या डोक्यात लहानपणीच बसवलं होतं.

मुंगीनं बटण ठेवलं, चाप दाबला. खट. बटण जिथल्या तिथं. पुन्हा दाबला. जिथल्या तिथं. सून हसायलाच लागली. मग प्रत्येकाला एकदा करून बघायचं होतं. थोरल्यानंही केलं, फक्त सगळे चहाचे कप ठेवायला आत गेल्यावर.

*

सकाळी मैदानावर दोराच्या मागं अख्खं घर ओळीनं बसलं होतं. तपासणीच्या टेबलावर नवा चाप पास झाला. धाकट्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, जसा काही सामना त्याचाच आहे. वन्संही आल्या होत्या. का आल्या, ते त्यांनाच ठाऊक.

मोजायच्या गोळ्या सुरू व्हायच्या आधी थोडा वेळ सरावाचा मिळतो. त्या टार्गेटवर कितीही मारा, हिशेबात येत नाहीत. मुंगी चटईवर पालथी झाली, तिनं एक गोळी मारली, दुर्बिणीतून बघितलं. दुसरी मारली, बघितलं. तिसरीनंतर ती बघतच राहिली. तिच्या मानेवरून आईला कळलं की काहीतरी बिनसलंय. पोरीची मान अशी ताठ व्हायची ती लहानपणी औषधाचा चमचा समोर आला की.

थोरल्यानं स्वतःजवळची दुर्बीण लावली. गोळ्या काळ्या वर्तुळाच्या वरच्या डाव्या कडेला जाऊन बसल्या होत्या. मधोमध काहीच नाही. कालपर्यंत हीच रायफल निदान मधोमध तरी मारत होती.

‘मी सांगत होतो’ हे वाक्य त्यानं रात्रीपासून तयार ठेवलं होतं. आता बोलायची वेळ आली तर ते तोंडात कडू लागायला लागलं. समोर चटईवर त्याची लेक होती. तो उठला आणि क्लबाची रायफल आणायला निघाला. रायफल बदलायची परवानगी मागायला अजून वेळ होता.

धाकटा पांढराफटक पडला होता. "माझंच काहीतरी चुकलं असणार," तो पुटपुटत होता. लाकडात लोखंड नीट बसलं नसेल. स्क्रू कमीजास्त झाले असतील. काकीनं त्याला गप्प बस म्हणून सांगितलं तरी तो बोटं मोजत राहिला.

"दादाचा हात काढला की असंच होणार," वन्सं म्हणाल्या. पण कालच्यासारख्या नाही. आज त्यांचा आवाज काळजीचा होता.

काकीनं सुनेच्या आधारानं उठून दुर्बिणीला डोळा लावला. पोरीच्या गोळ्या घड्याळात साडेदहा वाजतात तिथं होत्या. पण सगळ्या. एकाच भोकात. तीन गोळ्या आणि भोक एकच, कडा तेवढ्या जरा कुरतडल्यासारख्या. काकीनं आयुष्यात स्वतः असं भोक पाडलं नव्हतं. तिचे कप ज्या गोळ्यांनी आणले त्याही मधल्या गोलात इकडेतिकडे पसरलेल्या असायच्या, आणि लोक त्याला वा वा म्हणायचे.

मग तिच्या लक्षात आलं.

रायफलीच्या मागच्या साइटला, म्हणजे ज्या भोकातून नेम धरतात त्याला, दोन गोल बटणं असतात. एक फिरवलं की गोळी वर-खाली जाते, दुसरं फिरवलं की डावी-उजवीकडे. बाकीची दुनिया ती रोज फिरवते. हवा बदलली की फिरवते, उजेड बदलला की फिरवते. पण या घरात ती फिरवायची नाहीत असा कायदा होता. ‘ह्यां’नी एकदा नेम जुळवला, दोन्ही बटणांवर नखाला लावायच्या लाल रंगाचा एकेक ठिपका दिला आणि सांगितलं, आता हे हलवायचं नाही. तेव्हापासून कुणी हलवलं नव्हतं. वारा असला तर माणूस नेमच बाजूला धरायचा. मुंगीलाही पहिल्या दिवशी चाप कुठं आहे ते नंतर सांगितलं, ठिपक्याला हात लावायचा नाही ते आधी.

आणि तो नेम जुळवला होता कशावर? त्या अडेलतट्टू चापावर. शेवटी जोर लावला की प्रत्येकाच्या हातून रायफल खाली उजवीकडे हिसकली जायची. ‘ह्यां’च्या, तिच्या, थोरल्याच्या, मुंगीच्या. म्हणून ‘ह्यां’नी साइटच तेवढी वर डावीकडे ठेवून दिली, हिसक्यानं गोळी खाली येऊन मधोमध बसावी म्हणून. आता हिसका गेला. साइट मात्र अजून त्याची वाट बघत बसली होती.

"मुंगीला बोलाव," काकी म्हणाली.

मुंगीनं रायफल उघडी करून चटईवर ठेवली आणि दोरापाशी आली. डोळे भरले होते, पण पुसायला तयार नव्हती. थोरलाही क्लबाची रायफल घेऊन धापा टाकत पोहोचला.

"काकी, मी चाप नीट दाबतेय. खरंच नीट दाबतेय."

"नीट दाबतेस म्हणूनच तिकडं जातायत. साइट फिरव. खाली आण, उजवीकडे आण. मधोमध येईपर्यंत फिरव."

मुंगी बघतच राहिली. "पण... ठिपका?"

ठिपका म्हटल्यावर सगळ्यांनी वन्संकडे बघितलं. कारण तो लाल रंग त्यांच्या बाटलीतला होता. त्या तेव्हा लग्नाच्या होत्या, बाटली नवी होती, आणि दादानं न विचारता घेतली म्हणून त्या भांडल्या होत्या. पुढं दादा गेल्यावर तेच भांडण त्यांना सगळ्यात जास्त आठवायचं. घरात कुणी रायफल पुसायला काढली की त्या मुद्दाम येऊन ठिपके जागेवर आहेत ना ते बघून जायच्या.

काकीला बोलायला शब्द होते. तिच्याकडे ते कधी कमी पडले नव्हते. पण या वेळी ती नणंदेकडे बघत नुसती उभी राहिली. हुकूम करून काढून घ्यायची ही गोष्ट नव्हती.

वन्संनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. मग अंबाड्यात हात घालून एक आकडा उपसला आणि मुंगीपुढं केला.

"खरवडून काढ," त्या म्हणाल्या. "रंग जुना झालाय, चिकटून बसला असेल. नखानं निघणार नाही." आणि थोड्या वेळानं, "दादा असता तर त्यानंच काढला असता. त्याला चुकलेलं कळलं की तो थांबायचा नाही."

थोरल्यानं क्लबाची रायफल हळूच पाठीमागं नेली आणि बाकाला टेकवून ठेवली. ती कुणी बघितली नाही असं त्याला वाटलं. बायकोनं बघितली, आणि आपल्या शेजारची जागा त्याच्यासाठी सरकून मोकळी केली.

मुंगीनं पंचांना विचारलं, ठिपके खरवडले. बटण आधी फिरेचना. इतक्या वर्षांची सवय त्यालाही होती. मग कट् कट् करत फिरलं. एक गोळी. साडेदहावरून आत सरकली. पुन्हा कट् कट्. पुढची मधल्या गोलाच्या कडेला. अजून थोडं. त्यानंतरची गोळी जिथं गेली तिथं बघून काकी खुर्चीवर टेकली आणि सुनेला म्हणाली, "चहा असेल तर दे. आता मला बघवतं."

सामना लांबलचक असतो. बघणाऱ्याला काहीच घडत नाही असं वाटतं. एक मुलगी पालथी पडलेली, अधूनमधून टप् असा आवाज, बस. पण घरच्यांना दुर्बिणीतून सगळं दिसत होतं. भोक एकच होतं आणि ते फक्त रुंद होत चाललं होतं. शेवटाकडे आली तशी थोरल्याची मांडी हलायला लागली. याच ठिकाणी मुंगीच्या गोळ्या पांगायच्या. आज पांगल्या नाहीत. एक गोळी जरा बाहेर गेली, मुंगी उठून बसली, तिनं बोट झटकलं, पाणी प्यायली, पुन्हा पालथी झाली आणि उरलेल्या सगळ्या आत घातल्या. जणू काही बाहेर जायचा रस्ताच तिला कुणी दाखवला नव्हता.

निकाल फळ्यावर लागला तेव्हा मुंगी दुसरी होती. संघात दोन जागा, त्यातली दुसरी तिची. थोरला फळ्यासमोर उभा राहून ते एवढ्या वेळा वाचत होता की मागच्यांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. धाकट्याला तर कुणीतरी खुर्चीच आणून दिली. क्लबातल्या एकानं विचारलं, चाप कुणी बसवला, तर थोरला मागं वळून म्हणाला, "माझ्या धाकट्या भावानं. पाहिजे तर तुमचाही बसवून देईल, पण रांगेत या." घरी आणि बाहेर मिळून धाकट्याला भावाकडून मिळालेली ही पहिली शाबासकी. तो इतका गोंधळला की खिशातून बटण काढून दाखवायला लागला.

"पहिली आली तिची रायफल कोरी आहे," सून म्हणाली. या वेळी तिनं वाक्य पूर्ण केलं.

"असू दे," काकी म्हणाली. "पुढच्या वेळी तिचं तेवढ्यानं भागणार नाही."

दुपारी गर्दी पांगली. मैदान सरावाला मोकळं झालं. काकीनं पदर खोचला आणि चटईकडे चालायला लागली.

"काकी, तू?" मुंगी म्हणाली. "गुडघे?"

"गुडघ्यानं नेम धरत नाहीत."

दोन्ही मुलांनी धरून तिला खाली उतरवलं. वन्संना तिनं दुर्बिणीपाशी बसवलं. मुंगीनं गोळी भरून दिली. काकीनं गाल टेकवला, श्वास सोडला, काळं वर्तुळ भोकात गोल बसलं, आणि नेहमीसारखा जोर लावायच्या तयारीत बोट टेकवलं न टेकवलं तोच टप् झालं. तिला दचकायलाही वेळ मिळाला नाही. हाताचा हिसका मात्र गोळीबरोबरच निघाला होता.

"साडेचार," वन्सं दुर्बिणीतून म्हणाल्या. "खाली, उजवीकडे."

थोरला घाईनं म्हणाला की पहिलीच गोळी आहे, चाप हलका आहे, आणि साइट आता मुंगीच्या हाताला जुळवलेली आहे. काकीनं त्याला हातानंच थांबवलं. गोळी कुठं गेली ते तिला दुर्बिणीशिवाय कळलं होतं. इतकी वर्षं ज्याला सगळे आपला हात म्हणत होते, तो आज पहिल्यांदाच तिला उघडा दिसला होता. आश्चर्य म्हणजे तिला राग आला नाही. नातीनं ज्या चापावर एकच भोक पाडलं, तो तिच्या बोटाखाली होता, आणि तिला अजून तो येत नव्हता. या वयात न येणारी एखादी गोष्ट समोर असावी, याचं तिला आतून हसूच फुटलं.

तिनं दुसरी मारली. मग तिसरी, बोट आणखी हलकं ठेवून.

"वन्सं, खरं सांगा."

"खरंच सांगते, वहिनी. अजून साडेचारच. पण जरा आत आलीय."

"कळलं मला," काकी म्हणाली आणि मागं न वळता हात पसरला. "मुंगे, गोळी दे. आणि तुम्ही सगळे घरी जा, मला वेळ लागणार आहे."